यकृताच्या कर्करोगावरचं नवं संशोधन आणि दुर्मिळ केसेस: आपल्या रुग्णाला यातलं काय लागू पडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरातल्या व्यक्तीला सिरॉसिस (यकृत कायमचं खराब होऊन कडक होणं) आहे, आता यकृतात गाठ सापडली आहे. नेटवर एकीकडे इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या औषधांच्या) मोठ्या चाचण्यांचे आकडे दिसतात, दुसरीकडे ‘गाठ आपोआप नाहीशी झाली’ अशा केसेस दिसतात. यातलं आपल्याला काय लागू पडतं हे कसं ओळखायचं?

माझं पहिलं सांगणं: निकालाच्या आकड्यापासून सुरुवात करू नका. त्या चाचणीत कोणाला घेतलं आणि कोणाला वगळलं, तो परिच्छेद आधी वाचा. यकृताच्या कर्करोगात रुग्णाला बहुतेक वेळा एकाच वेळी दोन आजार असतात. एक गाठ, आणि दुसरा म्हणजे ती गाठ ज्यात वाढली ते आधीच खराब झालेलं यकृत. औषध गाठीवर चालेल का, हा एक प्रश्न. ते यकृताला झेपेल का, हा वेगळा. मोठ्या चाचण्यांना पहिल्या प्रश्नाचं स्वच्छ उत्तर हवं असतं, म्हणून त्या बऱ्यापैकी काम करणारं यकृत असलेलेच रुग्ण घेतात.

यकृत किती काम करतंय हे चाइल्ड-प्यू गुणांनी मोजतात. रक्तातलं बिलिरुबिन (कावीळीत वाढतं ते), अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रोटीन), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप), पोटातलं पाणी आणि यकृतामुळे येणारी भ्रमिष्टावस्था, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण. बेरीज ५ किंवा ६ आली तर ‘ए’, ७ ते ९ ‘बी’, १० ते १५ ‘सी’. हे घरी कागदावर करून बघता येतं. समजा बिलिरुबिन २.४ आहे (२ ते ३ मध्ये, म्हणून २ गुण), अल्ब्युमिन ३.१ (२.८ ते ३.५ मध्ये, २ गुण), आयएनआर १.५ (१.७ पेक्षा कमी, १ गुण), पोटात थोडं पाणी (२ गुण), भान नीट (१ गुण). बेरीज ८, म्हणजे ‘बी’. हा रुग्ण चालता-बोलता असेल, जेवत असेल, पण खाली दिलेल्या मोठ्या चाचण्यांत जवळपास सगळे रुग्ण ‘ए’ होते, म्हणून त्यांपैकी एकीचाही आकडा त्याच्यासाठी थेट लागू नाही. त्याला औषध देताच येत नाही असं नाही. डॉक्टर विचार करून देतात. पण अपेक्षा त्या आकड्यांवरून बांधायची नाही.

आता आकडे. पसरलेल्या किंवा कापून काढता न येणाऱ्या गाठीसाठी २००८ मध्ये सोराफेनिब या गोळीने पहिल्यांदा आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं: मीडियन आयुष्य (निम्मे रुग्ण जिथपर्यंत जगले तो काळ) ७.९ महिन्यांवरून १०.७ महिने. पुढची दहा वर्षं जवळपास तिच्यावरच गेली. २०२० मध्ये आयएमब्रेव्ह-१५० चाचणीचा निकाल आला. अटेझोलिझुमॅब (इम्युनोथेरपी) आणि बेव्हासिझुमॅब (गाठीच्या रक्तवाहिन्यांवर काम करणारं औषध) ही जोडी दर तीन आठवड्यांनी शिरेतून दिली, तेव्हा पुढच्या पाठपुराव्यात मीडियन १९.२ महिने निघालं, सोराफेनिबवर १३.४. सुमारे ३० टक्के रुग्णांत गाठ ठळकपणे लहान झाली, सोराफेनिबवर ११ टक्क्यांत.

२०२२ च्या हिमालया चाचणीत ट्रेमेलिमुमॅबचा एकच ३०० मिलिग्रॅमचा डोस सुरुवातीला आणि मग दर चार आठवड्यांनी डुर्व्हालुमॅब १५०० मिलिग्रॅम असं दिलं; दोन्ही इम्युनोथेरपीची औषधं. मीडियन १६.४ महिने, सोराफेनिबवर १३.८. हा फरक वाचून बरेच जण निराश होतात, आणि इथेच वाचण्यात चूक होते. मीडियन म्हणजे निम्मे रुग्ण ज्या टप्प्यापर्यंत जगले तो टप्पा. उरलेल्या निम्म्यांचं पुढे काय झालं ते त्यात दिसत नाही. याच चाचणीत पाच वर्षांनी या औषधांवरचे १९.६ टक्के रुग्ण जिवंत होते, सोराफेनिबवरचे ९.४ टक्के. म्हणजे बहुतेकांना थोडा फायदा आणि काही थोड्यांना खूप मोठा. इम्युनोथेरपीचं हेच वैशिष्ट्य आहे, म्हणून किती काळाने किती रुग्ण जिवंत आहेत हे दाखवणाऱ्या आलेखाच्या उजव्या टोकाला रेषा कुठे राहते ते नेहमी बघा.

डावं टोकही बघा. चेकमेट-९डीडब्ल्यू चाचणीत निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं दिलेल्या गटात गाठ लहान होण्याचं प्रमाण ३६ टक्के होतं, जुन्या गोळ्या घेणाऱ्या समोरच्या गटात १३. मीडियन २३.७ विरुद्ध २०.६ महिने. पण पहिल्या काही महिन्यांत इम्युनोथेरपीच्या गटात मृत्यू जास्त झाले आणि रेषा नंतर एकमेकींना छेदून वर गेली. ज्याची गाठ झपाट्याने वाढते आहे, त्याच्यासाठी हा तपशील महत्त्वाचा आहे, आणि तो बातम्यांच्या मथळ्यात येत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच पकडा. ९डीडब्ल्यूमध्ये जुन्या गोळ्या घेणारा गट २०.६ महिने जगला, म्हणजे आयएमब्रेव्ह-१५० मधल्या नव्या औषधाच्या १९.२ पेक्षाही जास्त. गोळ्या अचानक सुधारल्या नाहीत. रुग्णांची निवड वेगळी, तुलनेच्या गटात बहुतेकांना सोराफेनिबऐवजी लेन्व्हाटिनिब ही गोळी, आणि पहिलं औषध थकल्यावर द्यायला आता हाताशी जास्त औषधं. म्हणून दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून ‘हे औषध भारी’ असं ठरवू नका. तुलना फक्त एकाच चाचणीतल्या दोन गटांची.

लवकर आलेल्या निकालाबद्दलही सावध राहा. ऑपरेशन करून किंवा जाळून (सुई घालून उष्णतेने) गाठ काढल्यावर ती परत येऊ नये म्हणून तीच अटेझोलिझुमॅब-बेव्हासिझुमॅब जोडी द्यायची, अशी आयएमब्रेव्ह-०५० चाचणी होती. २०२३ मध्ये मध्यंतरीचा निकाल फायद्याचा आला. जास्त काळ पाठपुरावा केल्यावर तो फायदा टिकला नाही. पहिली बातमी अजूनही सर्चमध्ये वर येते.

औषध सुरू करण्याआधी काय बिघडू शकतं यावर मी थोडा वेळ घालवतो, कारण घरचे लोक इथे खरी मदत करू शकतात. सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेच्या शिरा फुगतात. बेव्हासिझुमॅब रक्तवाहिन्यांवर काम करतं आणि रक्तस्रावाचा धोका वाढवतं. म्हणून चाचणीतही आधीच्या सहा महिन्यांतली एन्डोस्कोपी आणि फुगलेल्या शिरांवर उपचार ही अट होती. ‘पोटाचा काही त्रास नाही, मग दुर्बीण कशाला?’ असं म्हणून ती टाळू नका. शिरा फुटेपर्यंत त्रास होतच नाही. या औषधावर असताना रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन नियमित तपासतात. काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच क्षणी रुग्णालय.

हिपॅटायटिस बी असेल तर विषाणूचं प्रमाण, म्हणजे एचबीव्ही डीएनए, मोजलेलं हवं आणि एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर हे विषाणू दाबणारं औषध चालू हवं. ते मध्येच बंद केलं तर विषाणू उसळतो, एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढतं, आणि मग हे विषाणूमुळे, औषधामुळे की गाठ वाढल्यामुळे, याचा घोळ होतो. तिन्हींचे उपचार वेगळे: इम्युनोथेरपीमुळे आलेल्या यकृताच्या सुजेला स्टेरॉइड लागतं, आणि विषाणू उसळलेला असताना तेच स्टेरॉइड नुकसान करू शकतं. यकृत प्रत्यारोपण झालेलं असेल तर इम्युनोथेरपीची औषधं शरीराला नवीन यकृतच नाकारायला लावू शकतात. हे आधीच सांगा, कितीही वर्षं झालेली असोत.

आता ‘आपोआप नाहीशी झालेली गाठ’. असं घडतं, नोंदी आहेत, आणि ते अतिशय दुर्मिळ आहे. गाठ इतकी वेगाने वाढते की तिचा रक्तपुरवठा कमी पडतो, किंवा तिच्या रक्तवाहिनीत गुठळी होते आणि गाठ आतून मरते, हे एक कारण मानतात. रोगप्रतिकारशक्ती अचानक जागी होणं हे दुसरं. पण अशी केस वाचताना चार गोष्टी शोधा. बायोप्सीने कर्करोग सिद्ध झाला होता का? सिरॉसिसच्या यकृतात सीटीच्या धमनी टप्प्यात (शिरेतून दिलेलं रंगद्रव्य धमन्यांतून यकृतात पोचतं तेव्हा) चमकणारे काही ठिपके निव्वळ रक्तप्रवाहातल्या फरकामुळे दिसतात आणि पुढच्या स्कॅनला नसतात. ती गाठ कधी नव्हतीच. एएफपी (यकृताच्या कर्करोगात रक्तात वाढू शकणारं प्रोटीन) घसरलं असेल, तर ते आधी हिपॅटायटिस उसळल्यामुळे चढलं होतं का? त्या काळात दुसरा कुठला उपचार झाला होता का? आणि नंतर किती काळ रुग्णावर लक्ष ठेवलं? सहा महिन्यांचा पाठपुरावा पुरेसा नाही. केस रिपोर्ट, म्हणजे एका रुग्णाची छापलेली नोंद, ‘असं होऊ शकतं’ एवढंच सांगतो. ज्यांची गाठ नाहीशी झाली नाही त्यांच्या केसेस कोणी छापत नाही, त्यामुळे ‘किती जणांत होतं’ हे त्यातून कळूच शकत नाही. त्याच्या भरवशावर उपचार लांबवू नका, हे मी कळकळीने सांगतो.

तरीही दुर्मिळ केसेस दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. मोठ्या चाचण्यांच्या वगळण्याच्या यादीत बहुतेक वेळा हे असतात: फायब्रोलॅमेलर प्रकार (याबद्दल पुढे), सार्कोमॅटॉइड प्रकार (यात पेशी वेगळ्याच, लांबट दिसतात), आणि यकृतपेशी व पित्तनलिका दोन्हींचा मिश्र कर्करोग. या रुग्णांसाठी वरच्या टक्केवाऱ्या नाहीतच. त्यांना छोटे अभ्यास आणि केसेस यांच्याच आधाराने जावं लागतं.

फायब्रोलॅमेलर हा तरुणांचा आजार. सिरॉसिस नसतो, एएफपी बहुतेकदा नॉर्मल, म्हणून निदानाला उशीर होतो. सीटीत मध्यभागी व्रण दिसतो आणि एफएनएच नावाच्या निरुपद्रवी गाठीशी गल्लत होते. २०१४ मध्ये या गाठींत एक ठरावीक बदल सापडला: १९ व्या गुणसूत्रातला सुमारे ४ लाख अक्षरांचा तुकडा गळून डीएनएजेबी१ आणि पीआरकेएसीए ही दोन जनुकं जोडली जातात. आज शंका असेल तर बायोप्सीच्या तुकड्यावर हीच जोडणी तपासतात. तिच्यावरच बेतलेली लस, सोबत निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब, अशी छोटी चाचणीही झाली. १२ रुग्णांपैकी ३ जणांत गाठ लहान झाली. आकडा लहान आहे, पण दिशा खरी आहे. तोवर मुख्य उपचार ऑपरेशनच. आणि केस रिपोर्टमधूनच पुढे आलेला एक धडा: या रुग्णाला अचानक गोंधळल्यासारखं झालं आणि यकृताच्या बाकी तपासण्या ठीक असल्या, तर रक्तातला अमोनिया लगेच तपासायला सांगा. यकृत निकामी नसतानाही तो या आजारात जीवघेणा वाढू शकतो, आणि वेळेत ओळखला तर उपचार आहे.

मुलांमधला यकृताचा कर्करोग, हिपॅटोब्लास्टोमाही दुर्मिळ, तरी अनेक देशांनी एकत्र येऊन १०९ मुलांवर नीट चाचणी केली. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने कानांवर परिणाम होतो; त्यानंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिलं तर ऐकू कमी येण्याचं प्रमाण ६३ वरून ३३ टक्क्यांवर आलं (२०१८). दुर्मिळ आजारात चाचणी होऊच शकत नाही, हे खरं नाही.

तुमच्या रुग्णाबाबत डॉक्टरांना विचारायचं ते असं. निदान स्कॅनवर झालं की बायोप्सीवर? सिरॉसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी असेल तर तीन टप्प्यांच्या सीटी किंवा एमआरआयमध्ये गाठ आधी चमकणं आणि नंतर आजूबाजूपेक्षा फिकी पडणं, यावरून बायोप्सीशिवाय निदान चालतं. सिरॉसिस नसेल तर हा नियम लागू नाही, तिथे तुकडा हवाच. एएफपी आणि सीए १९-९ (पित्तनलिकेच्या कर्करोगात वाढू शकणारा रक्तातला घटक) दोन्ही वाढलेले असतील तर मिश्र प्रकाराची शक्यता विचारा. गाठ एकच आणि ५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत आणि प्रत्येकी ३ सेंटीमीटरच्या आत असेल, तर औषधांच्या चर्चेआधी ऑपरेशन, जाळणं आणि प्रत्यारोपण यांवर यकृताच्या सर्जनचं मत घ्या, कारण इथे आजार मुळापासून जाण्याची शक्यता असते. दुसरं मत घ्यायला जाताना छापील रिपोर्टबरोबर स्कॅनची सीडी न्या, आणि बायोप्सी झाली असेल तर पॅथॉलॉजी विभागातून मेणाचा ब्लॉक (ज्यात तो तुकडा जपून ठेवतात) मागून घ्या. गाठीची पुढची जनुकीय तपासणी बहुतेक वेळा त्याच्यावरच होते.