वाचकांचे प्रश्न : तापणारा ट्यूब अ‍ॅम्प

प्रश्न : आमच्या अहिराणी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात गिटारसाठी ५० वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प आहे, दोन ईएल३४ वाला. एप्रिल लागल्यापासून अर्ध्या तासात वरच्या जाळीला हात लाववत नाही आणि करपट वास येतो. सगळे म्हणतात, खानदेशातलं ऊन आहे, तापणारच. आत 'बायस' लिहिलेला छोटा पॉट आहे. दोन्ही ट्यूबच्या कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टन्स आहे, त्यावर ५८ मिलिव्होल्ट दिसतात. प्लेटवर ४६५ व्होल्ट. पॉट फिरवू का? (अमळनेर)

उत्तर : फिरवायचाच आहे, पण उन्हावर खापर फोडू नका. बायस म्हणजे ट्यूबच्या ग्रिडला दिलेलं निगेटिव्ह व्होल्टेज, ट्यूबमधून किती करंट वाहील ते त्यावर ठरतं. पॉट म्हणजे ते कमीजास्त करणारा फिरता रेझिस्टन्स. चालू ईएल३४ ची काच दोनशे अंशांच्या आसपास असते. बाहेर ३० आहे की ४५, तिला फारसा फरक पडत नाही. उन्हाचा मार बसतो तो ट्रान्सफॉर्मरला आणि कंडेन्सरला. तुमचं दुखणं तुमच्याच आकड्यात आहे.

१ ओहमवर १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. कॅथोडमधून ट्यूबचा सगळा करंट जातो : मोठा वाटा प्लेटचा (ट्यूबमधल्या बाहेरच्या पत्र्याचा), थोडा स्क्रीनचा (आतल्या दुसऱ्या जाळीचा). ५८ मधले साधारण ५ स्क्रीनचे, ते वजा केले की प्लेटचे ५३ उरतात. ४६५ व्होल्ट गुणिले ०.०५३ अँपिअर म्हणजे जवळपास २४.६ वॅट. ईएल३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॅट. म्हणजे गिटारची तार छेडण्याआधीच, नुसतं चालू ठेवून, ट्यूब कडेलोटावर उभी आहे. अशा पुश-पुल अ‍ॅम्पमध्ये (दोन ट्यूब आळीपाळीने काम करतात असा) मर्यादेच्या ६० ते ७० टक्के ठेवतात. तुम्ही ६५ धरा : १६.२५ भागिले ४६५, म्हणजे प्लेटचे ३५ मिलिअँपिअर. स्क्रीनचे ४-५ मिळवून मीटरवर ३९-४० मिलिव्होल्ट दिसले पाहिजेत.

हात घालण्याआधी एक गोष्ट. प्लग काढल्यावरही मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये चारशेवर व्होल्ट बसून राहू शकतात. १० के (किलो-ओहम), १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपच्या वायरला लावून कंडेन्सरच्या प्लसपासून चेसिसला (धातूच्या सांगाड्याला) दहा सेकंद टेकवा आणि मीटरने १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. मीटर १००० व्होल्ट डीसीचा हवा, त्याच्या वायरी धड हव्यात. स्वस्त पिवळ्या मीटरच्या प्रोबजवळ वायर तडकते, तिथेच शॉक बसतो. चालू अ‍ॅम्पवर काम करताना एक हात खिशात.

मग अ‍ॅम्प बंद असताना दोन्ही ईएल३४ काढा, चालू करा आणि सॉकेटची ५ नंबरची पिन तपासा, ती ग्रिडची, बायस तिथेच येतं. खालून बघितलं तर खाचेपासून घड्याळाच्या दिशेने १ ते ८ मोजायचं. इथे चेसिसच्या तुलनेत निगेटिव्ह व्होल्टेज हवं, ईएल३४ ला बहुतेक वेळा उणे ३५ ते उणे ४५. पॉट या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवून बघा. आकडा सरळ सरकायला हवा. मध्येच शून्याकडे उडी मारत असेल तर पॉटचा काटा खराब झाला आहे. हा पॉट आधी बदला, कारण चालू कार्यक्रमात तो सुटला तर बायस जातं आणि ट्यूब सोबत ट्रान्सफॉर्मरही नेते. पॉटजवळच्या बायस कंडेन्सरवर फुगवटा दिसला तर तोही बदला. हा बसवताना चुकतात ते इथेच : त्याचा प्लस पाय चेसिसकडे जातो, मायनस नाही.

सगळं ठीक असेल तर पॉट सर्वांत जास्त निगेटिव्हवर ठेवून अ‍ॅम्प बंद करा, ट्यूब परत बसवा. स्पीकर जोडलेला पाहिजे. व्हॉल्यूम शून्य, जॅकमध्ये काही नको. दहा मिनिटं तापू द्या, मग प्लास्टिकच्या पेचकसाने पॉट हळू हळू फिरवत ३९-४० वर आणा. करंट बदलला की प्लेटचं व्होल्टेजही सरकतं. म्हणून ते पुन्हा मोजा, पुन्हा हिशेब करा. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. बायस फार थंड केलंत, म्हणजे करंट वीसच्या खाली नेलात, तर हळू वाजवताना आवाज खरखरीत, पातळ होतो.

पॉट टोकाला नेऊनही ५० च्या खाली येत नसेल तर मार्शल धर्तीच्या बहुतेक सर्किटमध्ये पॉटसोबत सिरीजमध्ये चेसिसकडे जाणारा एक रेझिस्टन्स असतो. ४७ के असेल तर ५६ के लावला की रेंज निगेटिव्हकडे सरकते.

आणि मेन लाइनचा आकडाही लिहून ठेवा. गावाकडे रात्री उशिरा लोड उतरला की सिंगल फेजला २५० दिसणं नवल नाही, लग्नातल्या जनरेटरचं तर विचारूच नका. अ‍ॅम्पच्या मागचा सिलेक्टर २२० वर असेल तर २५० ला ट्यूब तापवणारं ६.३ व्होल्टचं हीटर ७.१ च्या वर जातं, आणि मर्यादा आहे ६.९. सिलेक्टर २४० वर न्या. नाहीतर स्टॅबिलायझर लावा. तुम्ही वाजवता त्या वेळी जे व्होल्टेज असतं त्यावरच बायस लावा, दुपारच्या १९५ वर नाही.

प्रश्न : माझ्या १५ वॅटच्या अ‍ॅम्पला (दोन ईएल८४) बायसचा पॉटच नाही, तरी खूप तापतो. दोन्ही कॅथोड मिळून १३० ओहम आहेत, त्यावर ११.५ व्होल्ट. प्लेट ते कॅथोड ३३५. घरच्या जुन्या रेडिओत बीईएलची (भारत इलेक्ट्रॉनिक्सची) एक ईएल८४ मिळाली, ती लावू का? (शिरपूर)

उत्तर : तुमचा अ‍ॅम्प कॅथोड-बायस आहे. इथे पॉट नसतो, तो रेझिस्टन्सच बायस ठरवतो. ११.५ भागिले १३० म्हणजे ८८ मिलिअँपिअर, एका ट्यूबला ४४, स्क्रीनचे ४ वजा करून ४०. त्याला ३३५ ने गुणलं की १३.४ वॅट. मर्यादा १२. या प्रकारचे अ‍ॅम्प मर्यादेच्या जवळच चालतात, ७० टक्क्यांचा नियम इथे लावू नका, पण १२ च्या वर नको. १५० ओहम, ५ वॅट लावून पुन्हा मोजा. रेझिस्टन्स वाढला की त्यावरचं व्होल्टेजही थोडं वाढतं, म्हणून करंट हिशेबाइतका पडत नाही. अजून जास्त असेल तर १८० लावा. शेजारचा २५ व्होल्टचा कंडेन्सर याच रेझिस्टन्सला चिकटून भाजून निघतो. ५० व्होल्टचा, थोडा लांब बसवा.

रेडिओतली एकटी ट्यूब जपून ठेवा, पण इथे लावू नका. जोडी जुळली नाही तर एक जास्त ओढते, दुसरी आराम करते.

प्रश्न : एकाच ट्यूबची प्लेट लाल होते, दुसरी नीट आहे. (भुसावळ)

उत्तर : लाल दिसताच बंद करा, गाणं अर्धं राहिलं तरी. गार झाल्यावर दोन्ही ट्यूब आपसात बदला. लाली ट्यूबसोबत गेली तर ट्यूब खराब. त्याच सॉकेटवर राहिली तर ट्यूब काढून दोन्ही सॉकेटच्या पिन ५ मोजा. एकीकडे उणे ४२ आणि दुसरीकडे उणे ३४ असेल तर उणे ३४ च्या बाजूचा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर (आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणणारा) लीक आहे. ६३० व्होल्टचा नवा लावा. दोन्हीकडे सारखं असेल तर सॉकेट बघा. टेम्पोत मागे टाकून गावोगाव नेलेल्या अ‍ॅम्पची पिनपकड सैल होते, पिन ५ सुटली की बायस गेलं. प्लग काढून, कंडेन्सर रिकामे करून सुईने पकड आवळता येते.

काचेच्या आत निळसर झाक दिसते, त्याची काळजी नको. प्लेटच्या मधोमध जांभळं धुकं भरलं असेल तर ट्यूबमध्ये गॅस आहे, ती काढून टाका.

प्रश्न : स्टेजवर कूलरचा झोत अ‍ॅम्पवर सोडला तर चालेल का? (धुळे)

उत्तर : नाही. ओली हवा आत जाते आणि उडालेला एक थेंब तापलेली काच तडकवतो. मागच्या जाळीला १२ व्होल्टचा छोटा पंखा बांधा, वारा ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सरवर जाईल असा. अ‍ॅम्पच्या मागे भिंत किंवा पडद्यापासून वीतभर जागा सोडा. कंडेन्सर बदलताना ८५ अंशांचे नको, १०५ चे मागा. जळगाव-धुळ्यात एरवीचे पार्ट मिळतात. ट्यूबची जुळलेली जोडी मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावी लागते, ती लग्नसराईच्या आधीच मागवा.