खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला कुठे ठेवावं?

प्रश्न : आईचं वय 79. पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. वॉकर धरून चार पावलं टाकते, डायपर लागतो, विसरभोळेपणाही वाढलाय. आम्ही दोघं नोकरीला. पुण्यात वृद्धाश्रम बघावा की घरी बाई ठेवावी? खर्च किती येईल?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : वृद्धाश्रमांची यादी तूर्त बाजूला ठेवा. बहुतेक ठिकाणी आपलं आपण आवरू शकणाऱ्यांनाच घेतात. तुमच्यापुढे पर्याय दोनच : ब्युरोची (घरी देखभालीला माणसं पुरवणाऱ्या संस्थेची) बाई किंवा शुश्रूषा केंद्र, म्हणजे स्वतःचं आवरू न शकणाऱ्यांना ठेवून घेऊन सांभाळणारी जागा.

24 तासांच्या बाईला पुण्यात महिन्याला साधारण 25 ते 30 हजार पडतात. जेवण आणि ब्युरोचं कमिशन वेगळं. ती गावी गेली तर बदली कोण देणार, हे आधीच लिहून घ्या. घरचं गाडं अडतं ते नेमकं तिथे.

शुश्रूषा केंद्रात दोन-तीन खाटांच्या खोलीला 25 ते 45 हजार सांगतात. महिनाअखेरचं बिल मात्र फुगतं, कारण डायपर, औषधं, फिजिओथेरपी, अ‍ॅम्ब्युलन्स बहुधा वेगळं लावतात. दिवसाला 4 डायपर, एक 35 रुपयांना धरला, तरी महिन्याचे 4,200 झाले. डायपर आपण आणून दिले तर चालतील का, हे विचारा. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, तेही पावतीवर हवं.

केंद्र बघायला रात्री आठच्या सुमारास, न कळवता जा. रात्रपाळीला किती जणांमागे एक मावशी आहे ते मोजा. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर 2 तासांनी बदलावी लागते, एअरबेड असला तरी. नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. कूस बदलल्याच्या वेळांचा तक्ता मागा. रात्री आठलाच पहाटे चारपर्यंतच्या सह्या झालेल्या दिसल्या, तर तिथूनच परत फिरा.

आईंच्या बाबतीत याहून मोठा प्रश्न चालवण्याचा. पडण्याच्या भीतीने चालत्या माणसालाही खाटेवर बसवून ठेवतात आणि महिन्याभरात पायातली ताकद जाते. ‘दिवसातून किती वेळा चालवणार आणि कोण?’ याचं नेमकं उत्तर मिळालं नाही, तर ती जागा नको. विसरभोळ्या माणसाचा नव्या जागी गोंधळ वाढतो, म्हणून आमचं मत पहिले 3 महिने घरी बाई आणि फिजिओथेरपिस्ट असंच आहे. निदान सुरुवातीला एकाने आलटून-पालटून घरून काम करावं.

नुसत्या सांभाळण्याचा खर्च मेडिक्लेममध्ये सहसा बसत नाही. 70 वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट न लावता मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्डही (वर्षाला 5 लाखांपर्यंत) रुग्णालयात भरती झाल्यावरच उपयोगी पडतं. तरी ते काढून ठेवा, आधार कार्डावर निघतं.