बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: मुलगी 22 वर्षांची. रागात स्वतःला इजा करते, दुसऱ्या दिवशी गळ्यात पडून रडते. डॉक्टरांनी बॉर्डरलाइन सांगून थेरपी घ्यायला सांगितली. नुसत्या बोलण्यानं काय होणार? (दारव्हा तालुका)

उत्तर: आधी एक काम आजच करा. सपरीतल्या फळीवरची फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ बाळगा. झटका काही वेळात ओसरतो. त्या वेळात विष हाताशी नसणं फार मोलाचं.

या विकारात भावना फार तीव्र असतात, झपाट्यानं बदलतात आणि नाती डळमळतात. त्यावर मुख्य उपचार थेरपीच, म्हणजे बोलण्यातून होणारा मानसोपचार. गोळ्या झोप, उदासी अशा सोबतच्या त्रासापुरत्या. सर्वाधिक अभ्यासलेली पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी), म्हणजे तीव्र भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी थेरपी. आठवड्याला तासभर वैयक्तिक सत्र, दोन-अडीच तास गटात कौशल्यांचा वर्ग, साधारण वर्षभर. मुलगी रोज कार्डावर लिहिते: इजा करायची इच्छा किती तीव्र होती, इजा केली का. मग सत्रात त्या एका प्रसंगाची साखळी उलगडतात. रात्री झोप नाही, सकाळपासून उपाशी, मैत्रिणीनं फोन उचलला नाही, 'मी कोणालाच नको' हा विचार, मग इजा. कुठली कडी तोडता आली असती, हे ती आणि थेरपिस्ट मिळून ठरवतात. थेरपिस्टला फोन करायचा तो इजा करण्याआधी. इजेनंतर 24 तास असा सल्ल्याचा फोन नसतो, म्हणजे इजा हा जवळीक मिळवायचा मार्ग होत नाही. जिवाला धोका असेल तर मात्र थेट दवाखाना.

प्रश्न: कापूस वेचणीत दर आठवड्याला यवतमाळला जाणं जमत नाही. डीबीटीवालेही सापडत नाहीत.

उत्तर: म्हणून उपचार सोडू नका. 2009 मध्ये कॅनडातल्या 180 रुग्णांच्या अभ्यासात डीबीटी आणि नीट आखलेला साधा मानसोपचार यांचा परिणाम वर्षअखेर जवळपास सारखाच निघाला. जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात विचारा. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि मधली सत्रं व्हिडिओवर चालतील का, हे ठरवून घ्या. उपचार बहुधा मोडतो तो थेरपिस्टनं सुट्टी घेतली की, किंवा रागाच्या एका सत्रानंतर. सुट्टी आधी सांगायची, आणि राग आला तरी पुढच्या सत्राला यायचं, हे पहिल्याच दिवशी बोलून ठेवा. रात्री-बेरात्री 14416 ही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत सेवा आहे.

प्रश्न: एमबीटी, स्कीमा थेरपी यांतली कोणती चांगली?

उत्तर: एमबीटी म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायला शिकवणारी थेरपी, स्कीमा थेरपी म्हणजे लहानपणापासून रुजलेल्या समजुती बदलणारी. दोन्हींना पुरावा आहे. जी जवळ मिळते आणि टिकते ती घ्या.

प्रश्न: सुनेला बाहेरचं लागलं म्हणतात. घरच्यांनी बोलावं कसं?

उत्तर: अंगारे-धुपाऱ्यात महिने घालवू नका. आधी भावना मान्य करा, मर्यादा नंतर: "तुला एकटं वाटलं, ते कळलं. पण भांडी फेकायची नाहीत." क्रम उलटा झाला की तिला फक्त रागावणं ऐकू जातं. 'नाटकं करते' हे वाक्य घरात कोणीच वापरू नये, पाहुण्यांसमोर तर नाहीच.