सीबी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक बसवू काय?

प्रश्न: अण्णा नमस्कार, वडिलांची १९७८ ची पेट्रोल ॲम्बेसेडर हाय, अजून रनिंगमध्ये. परवा चोर्ला घाटातनं गोव्याला निघालो तर चढाला मिसिंग मारायला लागली आणि कणकुंबीच्या अलीकडं बंदच पडली, अर्ध्या तासानं परत चालू. मेस्त्री म्हणतो सीबी पॉइंट काढा, इलेक्ट्रॉनिक बसवा, सगळं नीट होतंय. वडील म्हणतात गाडीचं ओरिजिनलपण जाईल. काय करू?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: बसवा की, चांगलीच वस्तू हाय, पण या दुखण्यावर ते हमखास औषध नव्हे. सीबी पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट तोडणारा घासता स्विच, आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल तेच काम न घासता करतं.

गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू म्हटलं की आधी तीन गोष्टी बघायच्या, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा) आणि इंजिनचा पेट्रोल पंप. पंपावर ओला कपडा टाकून गाडी चालू होत असेल तर पेट्रोलची वाफ धरलेली असते, तिथं इग्निशनचा काही संबंधच नाही. तसं नसेल तर बंद पडल्या पडल्या प्लगला ठिणगी येते काय बघा, येत नसेल तर आधी कंडेन्सर बदला, स्वस्तातली वस्तू आहे.

मग डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणारा, पॉइंट त्याच्यातच असतात) कॅप काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा, खडखडत असेल तर बुश गेलंय. पॉइंटचा गॅप १५ थाउ (इंचाचे हजारावे भाग) ठेवायचा असतो, पण बुश झिजलं की शाफ्टच्या एका उंचवट्याला, म्हणजे लोबला, १५ आणि दुसऱ्याला वेगळाच भरतो, मग मेस्त्री दर महिन्याला पॉइंट घासत बसतो आणि बिचाऱ्या पॉइंटचं नाव खराब होतं. बेळगावला उद्यमबागमध्ये लेथवाल्याकडनं नवीन बुश करून घ्या. आतली ॲडव्हान्सची वजनं (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) गंजून अडकली असतील तर चढाला पिकअप मिळणारच नाही आणि ते काम कुठलंही मॉड्यूल करत नाही. कॅपला बारीक काळी रेघ असेल तर आपल्याकडच्या पावसात करंट तिथनंच पळतो.

एवढं झाल्यावर इलेक्ट्रॉनिकचा खरा फायदा दिसतो. पॉइंटची टाच (लोबवर टेकणारा भाग) घासत जाते तसा गॅप कमी होतो आणि टायमिंग मागं सरकत राहतं, तर मॉड्यूलमध्ये घासणारं काहीच नाही, शाफ्टवरचं चुंबक फिरतं आणि सेन्सर कॉइलचा करंट तोडतो.

बसवताना कॉइलच्या दोन बारीक टर्मिनलमध्ये मल्टिमीटर लावा, साधारण ३ ओहम पाहिजे. दीडच्या आसपास आला आणि बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी करणारा) नसेल तर मॉड्यूल जळू शकतं. बॅलास्ट असला तर मॉड्यूलची लाल वायर त्याच्या आधी जोडायची, पूर्ण १२ व्होल्ट मिळाले पाहिजेत. लाल-काळी उलटी झाली तरी खेळ खलास. प्लगकडं जाणाऱ्या एचटी वायरी रेझिस्टन्सवाल्या घ्या, आणि बसवल्यावर टायमिंग लाइट लावून टायमिंग परत सेट करायलाच पाहिजे, तिथं आळस नको.

एक कळकळीनं सांगतो, इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नका. माझ्या पद्मिनीत संकेश्वरला कुणीतरी गाणी ऐकायला चावी चालू ठेवली आणि मॉड्यूल गेलं. डिकीत जुने पॉइंट आणि कंडेन्सर होते म्हणून अर्ध्या तासात बसवून रात्री घर गाठलं.

वडिलांना सांगा, सगळं कॅपच्या आत बसतं, बाहेर फक्त दोन वायरी दिसतात, काही कापायचं नाही की भोक पाडायचं नाही. काढलेले पॉइंट पुसून, गॅप मोजायच्या फीलर गेजसकट डब्यात घालून त्यांच्याच हातात द्या.