फुगा शिवावा की विकत घ्यावा?

प्रश्न: स्कूबा डायव्हिंगमध्ये वर येताना बोटीला दिसावा म्हणून सोडतात तो फुगा, म्हणजे मार्कर बॉय, घरी शिवता येईल का?

उत्तर: मी शिवला होता, छत्रीच्या कापडाचा, भडक केशरी. पहिल्याच खेपेला शिवणीतून बुडबुडे सुटले आणि वर पोचेपर्यंत त्याचं पोतेरं झालं. विकतच घ्या. जास्तीची हवा सोडणारी झडप हवीच. 10 मीटर खोलीवर भरलेली हवा वर येईतो दुप्पट होते, म्हणून तिथे अर्धाच भरा. भरताना फुग्याच्या दोरीचं रीळ अंगाला अडकवू नका, फुग्याबरोबर तुम्हीही वर खेचले जाल. वर आल्यावर बोटीला इशारा करायला आरसा मात्र घरचा चालतो: जुनी सीडी घ्यायची, मधल्या भोकातून बोटीकडे बघत उन्हाची तिरीप बोटीवर पाडायची. शिट्टी आत गोळी नसलेली घ्या. माझी गोळीवाली भिजल्यावर नुसती फुसफुसली.