सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन कॅम्परव्हॅनने युरोप फिरणं झेपेल का, आणि ते हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं का?

झेपतं. मी नेलंय. २०२३ च्या जूनमध्ये, आई तेव्हा ६८ ची आणि बाबा ७३ चे. आम्ही दोघं नवरा-बायको स्टुटगार्टजवळ राहतो. तिथूनच व्हॅन भाड्याने घेतली, आत पलंग, गॅस आणि संडास असलेली. आधी जर्मनीच्या दक्षिण टोकाचं बोडनझे सरोवर, मग ऑस्ट्रियातून ब्रेनरची खिंड उतरून इटलीतलं गार्डा सरोवर, परतताना उत्तर इटलीतलाच दक्षिण टिरोल हा डोंगराळ भाग. १२ दिवस, साधारण १३०० किलोमीटर, आणि मुक्काम फक्त तीन ठिकाणी. हा तीनचा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

'या वयात त्यांचे हाल होतील असं भावाचं म्हणणं आहे,' असं तुम्ही लिहिलंय. ते वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून उत्तर लिहायला बसले. माझा दादाही हेच म्हणत होता. अजून म्हणतो. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन कुठं हिंडवतेस त्यांना? त्यापेक्षा टूरबरोबर पाठवू." टूर म्हणजे १० दिवसांत ६ देश आणि रोज सकाळी सातला बॅगा खोलीच्या दाराबाहेर.

आता बाबांना आहे प्रोस्टेटचा त्रास. तासा-दीड तासाने जावंच लागतं. बाबांनी ३१ वर्षं कराड आगारात एसटी चालवली, त्यामुळे आपल्यापायी गाडी थांबवून सगळ्यांना ताटकळत ठेवणं त्यांना जमतच नाही. कराडहून पुण्याला निघाले तरी आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. पन्नास जणांच्या बसमध्ये त्यांनी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे, दादालाही ठाऊक आहे. व्हॅनमध्ये संडास सीटमागे चार पावलांवर. चालत्या गाडीत उठता येत नाही, प्रत्येकाने पट्टा बांधून बसायलाच हवं, पण पुढचा पार्किंगचा फाटा आला की गाडी आत घ्यायची. १२ दिवस बाबा पोटभर पाणी प्यायले. कॅसेट, म्हणजे संडासाची बाहेर काढता येणारी टाकी, रोज सकाळी मी रिकामी करत होते. पाच मिनिटांचं काम आहे, त्याचा बाऊ करू नका.

ब्रेनरला बाबा पुढच्या सीटवर होते. इन्सब्रुक सोडलं की युरोपाब्रुक लागतो, दरीवरचा जवळजवळ १९० मीटर उंच पूल. आई डोळे मिटून बसली होती आणि बाबा खांब मोजत होते. खिंडीपलीकडे इटलीच्या बाजूला लांबलचक उतार आहे. तिथे मी ब्रेकवर पाय ठेवून चालले होते, तर शांतपणे म्हणाले, "गिअर खाली घे की. ब्रेकवर काय उतरतीयास? कुंभार्लीच्या घाटात असं उतरलो असतो तर ब्रेक तापून बसले असते." साडेतीन टन वजनाची गाडी आहे, आणि ते बरोबर होते. त्यानंतर सगळे घाट मी त्यांच्या सांगण्यावर उतरले. बसमध्ये अकराव्या रांगेत बसवून त्यांना हे कुठून मिळालं असतं?

आता ज्यावरून आमच्या घरात अजून धुसफूस चालू आहे ते सांगते. कॅम्पसाइटवर, म्हणजे भाडं भरून व्हॅन लावून राहायच्या तळावर, भांडी धुवायची सामाईक जागा असते. वर छप्पर, ओळीने सिंक, गरम पाणी. संध्याकाळी आठच्या सुमारास तिथे गर्दी होते, आणि टबात भांडी घेऊन येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त पुरुष असतात, साठी-सत्तरीचे डच आणि जर्मन. गार्ड्याला पहिल्या संध्याकाळी आई माझ्याबरोबर आली. शेजारच्या सिंकवर एक उंच आजोबा, खांद्यावर चौकडीचं फडकं. एक काचेचा ग्लास धुवून दिव्यासमोर धरत होते, बोट फिरवून बघत होते, पुन्हा धूत होते. आईचा हात थांबलेला, ती नुसती बघत राहिली. रात्री बाबांना एवढंच म्हणाली, "तो माणूस ग्लासाला बोट लावून बघत होता हो."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बाबा उठले, टबात भांडी भरली आणि काही न बोलता चालायला लागले. आई मागोमाग. पिठल्याची कढई त्यांनी घासली, आईने पुसली. पाच संध्याकाळी हेच चाललं. एकदा मी फोटो काढला. त्यात आई पुढे दिसते आणि बाबा नळाशी वाकलेले असल्यामुळे खांबाआड गेलेत. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि दादाचा मेसेज आला, "एवढा खर्च करून आईला तिथंही भांडीच घासायला लावलीस?"

दादाने हे आईला कधी विचारलं नाही. लग्नाला ४६ वर्षं झाली होती तेव्हा, आणि आपल्या शेजारी उभं राहून नवरा भांडी घासतोय हे तिने पहिल्यांदा पाहिलं. ती याला हाल म्हणत नाही. कराडला शेजारच्या काकूंना ती इटलीतलं वेरोना शहर सांगत नाही, हे सांगते. म्हणून तुम्हालाही माझं स्पष्ट म्हणणं आहे: भावाला बाजूला ठेवा, आई-वडिलांना थेट विचारा, आणि भाऊ समोर नसताना विचारा.

खर्चाचं म्हणाल तर फार स्वस्त पडेल अशी आशा धरू नका. व्हॅनचं भाडं, डिझेल, कॅम्पसाइटचं भाडं, माणशी पर्यटन कर, ऑस्ट्रियाचा विन्येट (महामार्गाचा पास) आणि तो घेऊनही ब्रेनरचा वेगळा टोल, असं सगळं धरलं की साध्या हॉटेलांच्या जवळपास जातं. वाचतं ते बाहेरच्या जेवणाचं. चौघं असाल आणि घरचंच जेवत असाल तर फरक दिसतो, दोघंच असाल तर नाही.

'फुकट कुठेही थांबू' हा विचार तर डोक्यातून काढाच. क्रोएशिया आणि स्लोव्हेनियात त्यासाठी दंड होतो. जर्मनीत रस्त्याकडेला एक रात्र झोपता येतं, तेही चालकाचा थकवा जाण्यापुरतं, खुर्च्या मांडून नाही. श्टेलप्लाट्झ, म्हणजे व्हॅनसाठीचे रात्रीचे साधे पार्किंग, स्वस्त असतात, पण बऱ्याच ठिकाणी संडास-अंघोळीची सोय नसते. म्हातारी माणसं सोबत असतील तर कॅम्पसाइटच घ्या आणि एकेका जागी चार-पाच दिवस राहा. गार्ड्याला आम्ही पेस्किएराजवळ होतो. व्हॅन जागेवरून हलवलीच नाही. वेरोनाला ट्रेनने पाव तास लागतो, सिर्मिओनेला बोट जाते. तसंही इटलीतल्या बऱ्याच शहरांच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि कॅमेरे दंड घरी पाठवतात.

दुपारी एक ते तीन बऱ्याच कॅम्पसाइटचं फाटक बंद असतं, जर्मनीत तर विशेष. आम्ही बोडनझेला एक वाजून दहा मिनिटांनी पोचलो आणि दोन तास बाहेर थालीपीठ खात बसलो. विजेचंही बघून घ्या. बऱ्याच ठिकाणी ६ अँपिअरच मिळते, म्हणजे जेमतेम १३८० वॉट. आईने चहाला २००० वॉटची किटली लावली आणि अंधार झाला. खांबावरची पेटी कुलूपबंद, ऑफिस बंद, वीज आली ती सकाळी. किटली, इलेक्ट्रिक कुकर घरीच ठेवा, स्वयंपाक गॅसवर करा.

हे आधी सांगायला हवं होतं: गुडघे दुखत असतील तर व्हॅन आत चढून बघितल्याशिवाय ठरवू नका. मागचा पलंग खालच्या सामानाच्या कप्प्यामुळे कमरेइतका उंच असतो आणि शिडीच्या दोन पायऱ्या चढाव्या लागतात. आईला पहिल्या रात्री ते जड गेलं, मग तिला खालच्या बाकाचा पलंग करून दिला. चालता येतं पण चढता येत नाही असं असेल तर सरळ सरोवराकाठी एक घर भाड्याने घ्या. आणि जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, शाळांच्या सुट्ट्यांमुळे सगळा उत्तर युरोप तेव्हा खाली गार्ड्याकडे उतरतो.

टब व्हॅनसोबत मिळेलच असं नाही. दोन कानांचा, खोल, प्लास्टिकचा टब पहिल्याच दुकानात घ्या. आमचा बाबा बॅगेत घालून कराडला घेऊन गेले.