जिओकॅशच्या डब्यात अदलाबदलीसाठी स्वस्त पण घ्याव्याशा वाटतील अशा वस्तू कोणत्या ठेवाव्यात?

जिओकॅश म्हणजे इतरांनी जीपीएसवरून शोधावा म्हणून लपवलेला डबा. सापडला की आतल्या वहीत सही करायची आणि हवं तर एक वस्तू घेऊन दुसरी ठेवायची. तुमचा प्रश्न थोडक्यात असा : कोल्हापूरच्या आसपास अर्ध्या लिटरचा पहिला डबा लपवायचाय, त्यात टाकायच्या वस्तूंसाठी साधारण ३०० रुपये काढलेत, आणि दुकानात उभं राहिलं की प्लास्टिकच्या खेळण्यांपलीकडे काही सुचत नाही.

वस्तू घेताना दिलेल्या पैशांना या खेळात फार अर्थ नाही. एक पावसाळा काढल्यावर झाकण उघडणाऱ्याला ती कशी दिसते, यावर सगळं आहे. दोनशे रुपयांचं खेळणं गंजून, चिकट होऊन बसलेलं असेल तर तो कचरा. आणि पाच पैशाचं जुनं चौकोनी नाणं स्वच्छ पिशवीत असेल तर ते घेणारं पोरगं घरी जाऊन चार जणांना दाखवतं. म्हणून निवडताना मी दोनच गोष्टी बघायला सांगेन : ओल सोसते का, आणि ती इथलीच वाटते का. मुंबई-पुण्याहून किंवा परदेशातून डबा शोधत आलेल्या माणसाला चिनी गाडी नको असते, ती त्याच्या गल्लीतही मिळते.

सुरुवात चपलेपासून करतो, कारण कोल्हापूर म्हटलं की पहिलं तेच डोक्यात येतं. महाद्वार रोडला आणि पापाच्या तिकटीला कोल्हापुरी चपलेच्या छोट्या कीचेन मिळतात. चार-पाच हातात घेऊन बघा, सगळ्या सारख्या नसतात. काहींचा तळ रेक्झिनचा आणि पट्टा नुसता चिकटवलेला असतो. उन्हातल्या बंद डब्यात तो डिंक सुटतो आणि दोन महिन्यांत पट्टा वेगळा, तळ वेगळा. पट्ट्याच्या कडेला नखाने हलकं उचलून बघा. शिवण किंवा बारीक वादी दिसली तर घ्या. वेणी आणि गोंडा असलेली थोडी महाग पडते, पण लोक तीच उचलतात. मग रिंगकडे बघा. पातळ पत्र्याची, चकचकीत मुलामा दिलेली रिंग पहिल्या पावसातच गंजते आणि तो गंज चपलेवर उतरतो. दुकानदाराकडून रिंग बदलून मागा किंवा स्टीलची वेगळी घेऊन घरी बदला.

चपलेचा मोठा शत्रू मात्र बुरशी. खरं चामडं असेल तर जून ते सप्टेंबरात बंद डब्यात त्यावर पांढरी लव येणारच. त्यामुळे चामड्याची वस्तू दिवाळीनंतर ठेवा आणि मृग लागायच्या आत काढून घ्या. ठेवतानाही दिवसभर कडक उन्हात नाही, सावलीत वाऱ्याला सुकवून मग झिपच्या पिशवीत बंद करा. दमट चामडं पिशवीत कोंडलं तर पिशवीच बुरशी पोसते.

दुसरी वस्तू साज. खरा नाही, नकली. कोल्हापुरी साजात साधारण २१ पानं असतात : चंद्र, कमळ, मासा, कासव, कारलं, भुंगा, बेलपान असे वेगवेगळे आकार. महाद्वार रोडला मिळणारा एखादा स्वस्त नकली साज घ्या, दोरा कापा, पानं सुटी करा. एका साजातून वीसेक डब्यांची सोय होते आणि नग काही रुपयांत पडतो. मात्र नकली साजाचा पिवळा मुलामा ओलीने आणि हाताच्या घामाने काळा पडतो. पान कापडाने कोरडं पुसून त्याला रंगहीन नेलपॉलिशचे दोन हात द्या, दोन्ही बाजूंना आणि कड्यालाही. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका, नाहीतर फुगे येतात आणि तिथूनच काळं पडायला सुरुवात होते. पानासोबत बोटभर रुंदीची चिठ्ठी घाला : ‘कोल्हापुरी साजातलं पान : मासा’. ती चिठ्ठी नसेल तर बाहेरच्या माणसाला तो पत्र्याचा तुकडा वाटतो. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई ओलीत पसरते.

जुनी नाणी हा सगळ्यांत भरवशाचा प्रकार. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, पण घराघरातल्या डब्यांत अजून पडलेली आहेत. पाच पैशाचं चौकोनी, दहा पैशाचं कातरलेल्या कडेचं, वीस पैशाचं षटकोनी, ही ॲल्युमिनियमची नाणी गंजत नाहीत, हलकी असतात, आणि आकार वेगळे असल्यामुळे मुलांना लगेच आवडतात. धुवायचं असेल तर कोमट पाणी आणि साबण पुरे. चिंच, लिंबू, राख काही लावू नका. घासलेलं नाणं जाणकाराच्या लेखी बाद असतं. पोस्टाची तिकिटंही चालतात, पण वापरलेली आणि पाण्यात भिजवून पाकिटावरून सोडवलेली. कोऱ्या तिकिटाच्या पाठीला गोंद असतो, दमट हवेत तो पिशवीलाच चिकटतो आणि तिकीट फाटल्याशिवाय निघत नाही.

यासाठी लागणाऱ्या छोट्या झिप पिशव्या म्हणजे दागिन्यांच्या दुकानात अंगठी घालून देतात तसल्या, दोन इंच बाय तीन इंचाच्या. शंभरचं पाकीट एकदा घेतलं की दोन वर्षं बघायला नको. पिशवी बंद करताना आतली हवा बोटाने दाबून काढा.

काचेच्या गोट्या विसरू नका. पाणी, ऊन, मुंग्या कशाचंच त्यांना काही नाही. एकेक सुटी नको, पाच गोट्यांची एक पिशवी करा, म्हणजे देवाणघेवाणीत तिला वजन येतं. तीन वर्षांखालचं पोर तोंडात घालू शकतं, म्हणून पिशवीवर तसं लिहा.

थोडी खटपट करायची तयारी असेल तर स्वतःची खूण असलेली वस्तू करा. अनुभवी खेळाडू अशी वस्तू आवर्जून घेतात आणि जपून ठेवतात. विकतची जिओकॉइन (या खेळासाठी पाडलेलं नाणं) महाग पडते, पण आपल्याकडे शिवाजी उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत आहे. २० मिलिमीटर व्यासाचा पितळी रॉड एक फूट घ्या. लेथवर ३ मिलिमीटर जाडीच्या चकत्या पार्ट करून (कापून) मागा. पार्टिंग टूलमध्ये सुमारे २ मिलिमीटर जातात हे धरलं तरी एका फुटातून साठेक चकत्या निघतात. एवढ्या रॉडचं वजन साधारण आठशे ग्रॅम भरतं, म्हणजे पितळेचा आजचा भाव विचारला की हिशेब तुम्हालाच करता येईल. हे ३०० रुपयांत बसणार नाही, पण मित्रांत वाटून घेतलं तर नग स्वस्त पडतो. ओळखीच्या कारखान्यात रॉडची शिल्लक टोकं मिळाली तर आणखी बरं. पार्ट केल्यावर मध्यभागी छोटं टोक राहतं आणि कडेला बर (धारदार कड) येते, दोन्ही कानशीने काढायला सांगा. नाहीतर बोट कापतं. अक्षरं हाताने मारायच्या पंचने उठवता येतात. चकती ऐरणीवर किंवा जाड पोलादी ठोकळ्यावर सपाट ठेवा, पंच सरळ उभा धरा आणि हातोड्याचा एकच ठाम घाव घाला. दोनदा मारलं की अक्षर दुहेरी उठतं. लाकडावर ठेवून मारलं तर चकती वाकते. तुमचं खेळातलं नाव आणि वर्ष, एवढं पुरे.

आता काय नको ते. खाऊ मुळीच नको. ३ मे २००० ला अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये डेव्ह अल्मर यांनी या खेळातला जो पहिला साठा ठेवला, त्यात पुस्तकं, सॉफ्टवेअर, गलोल यांबरोबर घेवड्याचा एक डबाही होता. आज खेळाच्या नियमात अन्न बसत नाही, आणि आपल्याकडे तर गुळाचा खडा किंवा चॉकलेट म्हणजे मुंग्यांना आमंत्रण. पन्हाळ्याकडची, जोतिबाकडची माकडं वासावरून डबा उघडतात, झाकण फोडतात. नुसतं अन्नच नव्हे, वास येणारं काहीही नको : उदबत्ती, कापूर, सुगंधी साबण, अत्तराची कुपी, मसाल्याची पुडी. चाकू, लायटर, काडेपेटी, फटाके, तंबाखू, दारू नियमानेच बाद.

बिया नकोत. सागरगोटे दिसायला छान असतात, पण परदेशातल्या पाहुण्याला बी विमानतळावर टाकून द्यावं लागू शकतं. गुंजा तर अजिबात नकोत. लाल-काळा तो मणी विषारी असतो आणि मुलं चावून बघतात. मोरपीसही टाळा, ते देशाबाहेर न्यायला बंदी आहे. बटण सेलची छोटी बॅटरी असलेले दिवे स्वस्त मिळतात, पण सेल ओलीत गळतो आणि लहान मुलाने गिळला तर जिवावर बेततं. रबरबँड आणि फुगे उन्हाने वितळल्यासारखे होऊन बाकीच्या वस्तूंना चिकटतात. मेणबत्ती, क्रेयॉन यांचंही एप्रिल-मे मध्ये तेच होतं. बॉलपेन सुकतं किंवा गळतं, त्याऐवजी अर्धी कापून टोक काढलेली पेन्सिल ठेवा. वहीत सही करायला तीच लागते.

देवाच्या मूर्ती, फोटो, अंगारा यातलं काही ठेवू नका. चिखलाचा डबा उघडणाऱ्याने तिथे देवाचा फोटो ओला झालेला बघितला की त्याचं मन खट्टू होतं, आणि तो घ्यायचा की तिथेच सोडायचा हेही कळत नाही. त्याहून महत्त्वाचं : हळद-कुंकू, काळा दोरा, लाल कापड, कापडी बाहुली, लिंबू. झाडाच्या ढोलीत असा डबा एखाद्या गुराख्याला किंवा शेतकऱ्याला सापडला तर तो करणीचा प्रकार समजेल, गावात भीती पसरेल, आणि खापर कुणा निरपराध माणसावरही फुटू शकेल. खेळापायी असं होता कामा नये. डबा पारदर्शक घ्या, आतली वस्तू बाहेरून दिसू दे, आणि झाकणाच्या आतून मराठीत ठळक लिहा : ‘हा खेळाचा डबा आहे. यात धोक्याचं काही नाही. बघून पुन्हा तसाच ठेवा.’ बेवारस वस्तू म्हणून पोलिसांना फोन जाण्याचीही शक्यता यानेच कमी होते. बाहेर टेपने गुंडाळलेला काळा डबा कधीही वापरू नका.

अर्ध्या लिटरच्या डब्यात सहा-सात वस्तूंच्या वर भरू नका. जास्त झाल्या की वही बाहेर निघत नाही, माणूस ती ओढतो, आणि झाकणाच्या रबरात पिशवीची कड अडकते. तिथूनच पाणी आत येतं. झाकण लावण्याआधी रबरावर माती, केस, गवताची काडी काही आहे का ते बोट फिरवून बघायचं, ही सूचनाही झाकणाच्या आतल्या मजकुरात घाला. डबा कोरड्या दिवशी, घरी भरा. पावसात उघडलेल्या डब्यात दमट हवा कोंडली जाते, रात्री गारवा आला की झाकणाखाली थेंब धरतात आणि वही फुगते. बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पाच ग्रॅमची पुडी टाकली तर थोडी ओल ओढली जाते, पण ती भरली की निकामी. वरचेवर बदलावी लागते. झाकणच गळत असेल तर कितीही पुड्या घाला, उपयोग नाही.

तुमच्या ३०० रुपयांत मी असं बसवलं असतं : चपलेच्या दोन कीचेन, एक नकली साज (त्यातली दोन पानं आत्ता, बाकी पुढच्या डब्यांना), गोट्यांची एक पिशवी, घरातली दोन नाणी, उरलेल्यात झिप पिशव्या. एका नगाला ३० रुपयांपेक्षा जास्त देऊ नका. फिल्मच्या डबीएवढा बारीक डबा लपवलात तर मात्र अदलाबदलीचा नाद सोडा, त्यात वहीची गुंडाळीच कशीबशी बसते.

दुसऱ्याचा डबा सापडल्यावर नियम सोपा : घेतलं त्याच्या तोडीचं किंवा त्याहून चांगलं ठेवा, नसेल तर नुसती सही करून या. त्यात कोणी विमा एजंटाचं कार्ड, तिकीट, तुटकं खेळणं टाकलेलं असेल तर ते काढून आणा, बदल्यात काही ठेवलं नाही तरी चालतं. एखाद्या वस्तूवर क्रमांक कोरलेला असेल तर ती ट्रॅकेबल, म्हणजे जिच्या प्रवासाची नोंद ठेवली जाते अशी असते. ती देवाणघेवाणीची नव्हे. घेतली तर खेळाच्या साइटवर नोंदवून पुढच्या डब्यात सोडायची, घरी ठेवायची नाही.

जागा ठरवताना जमीन-मालकाची परवानगी घ्या आणि डबा खणून पुरू नका. पन्हाळ्याच्या संरक्षित वास्तूंच्या भिंतीत, कोनाड्यात काही ठेवू नका. गगनबावड्याकडच्या बाजूला ठेवणार असाल तर तिथला पाऊस लक्षात घेऊन वही सोडून बाकीचा कागद आणि चामडं पूर्ण वगळा. नाणी, गोट्या, पितळ एवढ्यावरच भागवा. आणि वर्षातून दोनदा डब्याकडे जाच : एकदा मे अखेरीस, कागद-चामडं काढून रबर पुसायला, आणि एकदा दिवाळीच्या सुट्टीत, वही बदलून वस्तू पुन्हा भरायला.